कुष्ठरोग आणि कर्मफळ

कुष्ठरोग हे पूर्वकर्माचे फळ आहे, ही समजूत भारतात फार जुनी. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात हत्या, परधनहरण अशा कर्मांतून हा पापरोग उद्भवतो असे म्हटले आहे. (त्या काळी कुष्ठात त्वचेचे इतरही अनेक विकार मोडत.) त्याच अध्यायात स्पर्शाने, श्वासाने, एकत्र निजण्याजेवण्याने तो दुसऱ्याला होतो, असेही सांगितले आहे. पाप आणि संसर्ग ही कारणे एकमेकांपासून इतकी दूरची. तरी समाजाने दोहोंवरून रोग्याला वाळीतच टाकले.

१८७३ मध्ये नॉर्वेतील हॅन्सेन यांना या रोगाचा जंतू सापडला. १९४०च्या दशकात डॅप्सोन हे औषध आले. पुढे जंतू त्या एकट्या औषधाला दाद देईनात, तेव्हा १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने रिफाम्पिसिन, क्लोफाझिमिन आणि डॅप्सोन यांचा बहुविध औषधोपचार सुचवला. आज जंतू कमी असलेल्यांना तो सहा महिने आणि जास्त असलेल्यांना बारा महिने देतात. रिफाम्पिसिनच्या पहिल्याच मात्रेने बहुतेक सगळे जंतू मरतात.

गोळी रोग्याचे पापपुण्य विचारत नाही. मग जन्मांतरीचे पाप सहा महिन्यांत फिटले कसे? औषध मिळणे हेही कर्मफळच, असे यावर म्हणता येते. हे म्हणणे खोडता येत नाही, कारण काहीही घडले तरी ते लागू पडते. म्हणूनच त्यातून रोगाविषयी काही कळत नाही. शिवाय व्यवहारात हा न्याय अर्धाच लावला जातो: रोग पापाचे फळ ठरतो, पण बरे होणे पाप फिटल्याची खूण ठरत नाही. जंतू मेले तरी बधिर झालेल्या नसा औषधाने पूर्ववत होतातच असे नाही. वाकड्या बोटांचा माणूस बरा होऊनही लोकांच्या लेखी महारोगीच राहतो.

परंपरेत दुसरा विचारही आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात आयुष्य दैव आणि पुरुषकार या दोहोंवर अवलंबून मानले आहे. दैव दुर्बळ असेल तर प्रबळ प्रयत्न त्याला मागे सारतो. सारे आधीच ठरलेले असते, तर चिकित्साशास्त्राला अर्थच उरला नसता. पुढे कुष्ठरोग्यांसाठी काम करताना दत्तपूरला मनोहर दिवाण, अमरावतीच्या तपोवनात शिवाजीराव पटवर्धन आणि आनंदवनात बाबा आमटे यांनी रोग्याच्या प्रारब्धाचा हिशेब न मांडता त्याच्यासाठी काय करायचे, हा प्रश्न स्वतःकडे घेतला. कर्माचा हाच अर्थ अधिक खरा आहे: ज्याच्यासमोर दुःख आहे, त्याने आत्ता करायचे ते कर्म.

कायद्याला मात्र उशीर लागला. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते २०१९ मध्ये वगळले गेले, तेव्हा बहुविध औषधोपचार येऊन जवळजवळ चार दशके लोटली होती.