जुना एक्स-रे शेजारी हवा

सुरगाणा-पेठकडून नाशिकच्या सिव्हिलला येणाऱ्या रुग्णाच्या पिशवीत बहुधा एक मोठं पाकीट असतं. त्यात मागचा एक्स-रे, क्वचित सीटीची फिल्म आणि घड्या पडलेले केसपेपर. ते घरी राहिलं किंवा पावसात भिजलं, की मागचा आजार डॉक्टरांच्या लेखी घडलेलाच नसतो. छातीच्या एक्स-रेवरचा डाग दोन वर्षांपूर्वीही तेवढाच होता, तर तो बऱ्या झालेल्या क्षयाचा व्रण असू शकतो. सहा महिन्यांत नव्याने उमटला असेल तर तपासाला क्षणाचाही उशीर नको. जुनं चित्र शेजारी नसेल तर हा निवाडा अंदाजावर येतो. क्ष-किरण विभागात संगणक आणायचा तो मुख्यतः यासाठी. फिल्मचा खर्च वाचला, डार्करूम बंद झाली, हे फायदे त्यानंतरचे.

आणि फिल्म जवळ आहे म्हणून नोंद जवळ आहे, असंही नाही. छातीच्या एका सीटीत तीनशेच्या वर छेद निघू शकतात. प्रत्येक साधारण अर्ध्या मेगाबाइटचा. फिल्मवर त्यांतले निवडक छापले जातात. ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून मोबाइलवर फोटो काढायचा आणि मोठ्या डॉक्टरांना पाठवायचा, हा आपल्याकडचा सर्रास प्रकार. उरलेले छेद कुणी पाहतच नाही.

तंत्राची अडचण कधीच सुटली आहे. अमेरिकेत रेडिओलॉजिस्ट आणि यंत्रं बनवणारे यांनी मिळून 1985 मध्ये चित्रांच्या देवाणघेवाणीची सामायिक पद्धत ठरवली. 1993 पासून ती डायकॉम म्हणून ओळखली जाते. यंत्र कुठल्याही कंपनीचं असो, चित्राच्या फाइलमध्येच रुग्णाचं नाव, क्रमांक आणि तारीख असते.

घोडं अडतं ते केसपेपरच्या खिडकीवर. पवार, गावित, भोये ही आडनावं या पट्ट्यात गावोगाव आहेत. बाईचं आधार कार्ड माहेरच्या नावाने, केसपेपर सासरच्या. घाईत नवा क्रमांक पडतो आणि एका माणसाचे दोन रुग्ण होतात. त्याहून भयंकर म्हणजे दोन माणसांचा एक रुग्ण होणं, कारण मग दुसऱ्याच्याच फुप्फुसाशी तुलना होते. आभा या सरकारी आरोग्य खात्याचा चौदा आकडी क्रमांक इथे उपयोगी आहे, पण महामार्गावरच्या अपघातातून रात्री बेशुद्ध आणलेल्याला तो विचारणार कसा? त्याला तात्पुरता क्रमांक द्यावा लागतो आणि ओळख पटल्यावर दोन्ही नोंदी कुणीतरी डोळ्यांत तेल घालून जुळवाव्या लागतात. यंत्रखरेदीची चर्चा होते तेव्हा नोंदी जुळवणाऱ्या या माणसाच्या पदाचा आणि पगाराचा विषय आधी निघायला हवा.

दुसरी काळजी संगणक प्रणाली पुरवणाऱ्यांशी होणाऱ्या करारांची. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांमध्ये अनेक वर्षं वापरात असलेली एचएमआयएस ही संगणक प्रणाली 2022 मध्ये बंद झाली आणि रुग्णालयं पुन्हा हाताने लिहू लागली. कंत्राटदार बदलतील, पण जाताना प्रत्येक चित्र डायकॉम स्वरूपात, नाव-क्रमांकासह परत द्यावं लागेल, हे करारात पहिल्याच दिवशी लिहिलेलं असलं पाहिजे.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून नाशिकमध्येच आहे. नोंदणी कारकुनाला आणि क्ष-किरण तंत्रज्ञाला एकत्र बसवून ओळख पडताळायला शिकवणारा छोटा अभ्यासक्रम तिथे सुरू करता येईल, आणि त्याची पहिली तुकडी सिव्हिलमधूनच पाठवता येईल.