पाठव

पुण्यातल्या एका छोट्या कार्यालयात सगळं काम गिटवर चाले. लिनस टोरवाल्ड्‌सने २००५ साली लिनक्सच्या कामासाठी लिहिलेल्या या गिटमध्ये आपल्या मशीनवर नवी रिपॉझिटरी एका कमांडने तयार होते. अडायचं ते पुढे. ती सर्व्हरवर न्यायची तर आधी एसएसएचने सर्व्हरवर शिरा, फोल्डर करा, त्यात ‘बेअर’ रिपॉझिटरी बनवा, गटाला परवानगी द्या, मग परत येऊन तिचा पत्ता ‘रिमोट’ म्हणून जोडा आणि शेवटी पुश करा. मोठ्या प्रकल्पांसाठी लोक एवढं करत. छोटी कामं लॅपटॉपवरच राहत. ‘नवं काम त्याच दिवशी सर्व्हरवर’ असा कागद मात्र भिंतीवर होता.

एका सकाळी एका मुलाच्या लॅपटॉपची डिस्क गेली आणि कित्येक आठवडे खपून लिहिलेला बिलांचा प्रोग्रॅम तिच्याबरोबर गेला. साहेब संतापले. म्हणाले, “तो कागद आणखी मोठ्या अक्षरांत लावा.”

सर्व्हर सांभाळणाऱ्या ताईंनी मुलाला शेजारी बसवलं. “कुठे अडलास?”

“बेअर करायला विसरलो, ताई. गिटने पुश नाकारलं. म्हटलं, काम संपलं की तुम्हाला विचारू.”

“साहेब, कागद राहू द्या,” ताई म्हणाल्या. “वाट आपणच अवघड ठेवली आहे.”

दुपारी त्यांनी सगळ्या पायऱ्या एका स्क्रिप्टमध्ये घातल्या. सुरुवातीला ती नाव, गट, वर्णन विचारायची. तिथेही लोक थबकताना दिसले, तेव्हा ताईंनी एकेक प्रश्न काढून टाकला. माझ्या मते त्यांचं खरं कसब इथे आहे. नाव फोल्डरवरून, गट खात्यावरून, वर्णन पुढे सवडीने. उरली एकच कमांड: ‘पाठव’. हळूहळू लोक दोन फाइलींचे प्रयोगसुद्धा पाठवू लागले.

मुलाला हुरूप आला. “ताई, रिपॉझिटरी जगासाठी खुली करायची सोयही यातच घालू?”

“नको. तिथे माणसाने थांबायलाच हवं. तुझा पहिला कमिट उघड बरं.”

नव्याने लिहिलेल्या बिलांच्या प्रोग्रॅमच्या पहिल्याच कमिटमध्ये डेटाबेसचा पासवर्ड होता. दुसऱ्या कमिटमध्ये त्याने तो काढला होता, पण इतिहासात तो जसाच्या तसा वाचता येत होता. मुलाने आधी डेटाबेसचा पासवर्ड बदलला आणि मगच तो इतिहास साफ करायला बसला.