सारखा चेहरा आणि परक्याचे कर्म

‘ओन्ली फूल्स अँड हॉर्सेस’ या बीबीसीच्या विनोदी मालिकेचा ‘मायामी ट्वाइस’ हा दोन भागांचा नाताळ विशेष १९९१ साली २४ आणि २५ डिसेंबरला दाखवला गेला. त्याचे लेखन जॉन सलिव्हन यांचे होते. लंडनच्या पेकहॅम भागात मिळेल तो माल विकून पोट भरणारा डेल ट्रॉटर आणि त्याचा धाकटा भाऊ रॉडनी सुट्टीसाठी अमेरिकेतील मायामीला जातात. तिथल्या माफिया टोळीच्या म्होरक्यावर, ओकेटीवर, खटला चालू असतो आणि डेल दिसायला हुबेहूब त्याच्यासारखा असतो. डेलला चारचौघांत ठार मारायचे, मेला तो म्होरक्याच असे जगाला भासवायचे आणि खऱ्या म्होरक्याला खटल्यातून सोडवायचे, असा बेत टोळी रचते. या प्रहसनाच्या तळाशी एक जुना प्रश्न आहे: एकाच्या कर्माचा भोग दुसऱ्याच्या माथी मारता येतो का?

भारतीय दर्शनांनी असल्या व्यवहारातील दोन दोषांना नावेच दिली आहेत. केलेल्या कर्माचे फळ कर्त्याला न मिळणे ही ‘कृतहानी’. न केलेल्याचे फळ वाट्याला येणे हा ‘अकृताभ्यागम’. क्षणोक्षणी नवा होणारा, टिकाऊ आत्मा नसलेला माणूस मानला तर हे दोन्ही दोष येतात, असा आक्षेप बौद्धांवर घेतला जाई. करणारा एक आणि भोगणारा दुसरा ठरला, तर कर्मसिद्धान्ताचा पायाच ढासळतो. टोळीच्या बेतात हे दोन्ही दोष एकदमच घडतात: ओकेटी सुटतो ही कृतहानी, डेल मरतो हा अकृताभ्यागम.

बेताचा सारा भार चेहऱ्यावर आहे. पण सारखेपणा म्हणजे एकपणा नव्हे. ब्रह्मसूत्रभाष्यात शंकराचार्य दाखवतात, की ‘हे त्यासारखे आहे’ असे म्हणायलाही दोन वेगळ्या वस्तू आणि त्या दोन्ही जाणणारा एक ज्ञाता लागतो. म्हणजे सादृश्य भेदावरच उभे असते. इंग्लंडमध्ये जॉन लॉकने १६९४ च्या आवृत्तीत आपल्या ग्रंथाला जोडलेल्या प्रकरणात व्यक्तीची ओळख शरीरावर न ठेवता जाणिवेच्या सलगतेवर ठेवली. राजपुत्राची जाणीव चांभाराच्या देहात शिरली, तर राजपुत्राच्या कृत्यांचा जाब त्या देहातल्या राजपुत्रालाच द्यावा लागेल. या कसोटीने ओकेटीच्या गुन्ह्यांशी डेलचा काडीचाही संबंध नाही. चित्रीकरणात तर लॉकचे म्हणणे उलट्या बाजूने दिसते. दोन्ही भूमिका डेव्हिड जेसन यांच्याच आहेत. देह एक, व्यक्ती दोन. तरी प्रेक्षक गोंधळत नाही, कारण तो त्यांना बोलण्यावरून, वागण्यावरून आणि भोवतालच्या माणसांवरून ओळखतो.

यावर आक्षेप असा, की दुसऱ्यासाठी भोगणे धर्मांना मान्य आहे. ख्रिस्ती परंपरेत मानवाच्या पापांची भरपाई ख्रिस्त करतो. कँटरबरीच्या अँसेल्मने १०९८ मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात हा विचार तर्काने मांडला. महायान बौद्धांत आपले पुण्य सर्व जीवांना अर्पण करण्याची परिणामना आहे, आणि श्राद्धात पुत्राच्या कर्माने पितरांचे भले होते असे मानले जाते.

मात्र या सगळ्यांत देणारा आपखुशीने देतो. अँसेल्मचा ख्रिस्त स्वेच्छेने मरण पत्करतो, पुण्य अर्पण करणाराही आपल्या हाताने अर्पण करतो. डेलला कुणी विचारलेलेच नाही. शिवाय संमती असली तरी दोष हस्तांतरित होतो, हे सर्वांना पटलेले नाही. पैशाचे कर्ज दुसरा फेडू शकतो, शिक्षा मात्र नाही, असे फाउस्टस सोसिनसने १५९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात म्हटले. कांटनेही १७९३ मध्ये नैतिक दोषाला कर्जासारखे दुसऱ्याच्या नावावर न चढणारे, सर्वांत वैयक्तिक दायित्व मानले. त्याआधी, १७८५ मध्ये, त्याने किंमत आणि प्रतिष्ठा यांत भेद केला होता: किंमत असलेल्या वस्तूच्या जागी तोलाची दुसरी ठेवता येते, माणसाच्या जागी नाही.

तेव्हा बदली माणसाचा प्रश्न तीन प्रश्नांत विभागतो. दिसण्यातला सारखेपणा साक्षीदाराला फसवू शकतो, पण कर्ता बदलत नाही. स्वेच्छेने दुसऱ्याचे दुःख किंवा देणे उचलता येते, आणि त्याला धर्मांनी मोठे मोल दिले आहे. पण न विचारता लादलेला भोग हा त्याग ठरत नाही. तो भोगणाऱ्यावरचा नवा अन्याय असतो आणि मूळ अपराध्याच्या खात्यावर आणखी एक अपराध जमा करतो.