मंदीचा महिना

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या एका सहकारी बँकेच्या कर्ज खात्यात मालतीताई बसत. अर्जदार समोर येऊन टेकला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "धंदा सगळ्यात मंदा कधी असतो?" गुऱ्हाळवाला बिचारा दिवाळीनंतरचे आकडे घेऊन आलेला असे. गुळाचा हंगाम ऐन भरात, रोज सौदे. ताई त्या पावत्या बाजूला सारत आणि आषाढ-श्रावणाचं विचारत. चपलांचा व्यापारी लगीनसराईची विक्री दाखवी, ताई त्याच्याकडं पावसाळ्यातली मागत. हप्ता बारा महिने भरायचा असतो, तेव्हा तो मंदीच्या महिन्याला झेपेल एवढाच बसवायचा, असा त्यांचा खाक्या. त्यांच्या टेबलावरची थकबाकी कमी होती, आणि त्यांच्या नावानं बोटं मोडणारे जास्त.

पन्नाशी ओलांडल्यावर या बाईंनी मोटरसायकल घ्यायचं मनावर घेतलं.

ताईंना आमवात होता. डॉक्टर त्याला रुमॅटॉइड म्हणत. गुडघे कुरकुरत, पण खरी तक्रार हातांची. सकाळी उठल्यावर बोटं अशी आखडलेली असत, की टूथपेस्टचं टोपण फिरत नसे आणि चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागे. गरम पाण्यात हात बुडवून, मुठी उघडत-मिटत तास-दीड तास गेला की हळूहळू सैल पडत. बँकेत पोचेपर्यंत सही नीट येई, आणि संध्याकाळी तर या हातांना काही झालंय हे सांगूनही कुणाला पटलं नसतं.

मग गिअर नसलेली स्कूटर का नको? सगळ्यांनी हेच विचारलं, आणि प्रश्न रास्त होता. स्कूटरला क्लच नाही, म्हणजे डाव्या हाताचं निम्मं काम वाचलं. ताईंचं उत्तर एवढंच, की स्कूटरनं भाजी आणतात. त्यांना पन्हाळ्याला जायचं होतं, गगनबावड्याला जायचं होतं, आणि ते पाय पुढं टाकून, रुंद हँडल धरून, सावकाश. हौसेला याहून मोठं कारण मागू नये, असं माझं मत आहे.

चाळिशीनंतर लायसन्स काढायचं तर डॉक्टरच्या सहीचा नमुना १-अ लागतो. त्या निमित्तानं डॉक्टरांनी ताईंचा हात हातात घेतला आणि म्हणाले, "दाबा. जोरात. अचानक कुत्रं आडवं आलं तर ब्रेक दाबाल तसं." ताईंनी दाबलं. डॉक्टरांनी सही केली. तेव्हा दुपारचे चार वाजले होते.

शिकाऊ लायसन्स निघालं. भाच्याच्या, म्हणजे प्रसादच्या, १०० सीसीच्या गाडीवर शेंडा पार्काच्या मोकळ्या रस्त्यावर संध्याकाळी सराव सुरू झाला. क्लच सोडताना गाडी बंद पडायची थांबली, वळणावर पाय टेकायचा थांबला, आणि मग मावशी-भाचे जुनी क्रूझर शोधायला लागले. नवीन शिकणाऱ्यानं जुनी गाडी घ्यावी हे शहाणपण प्रसादचं. गाडी एकदा तरी पडणारच, तर ती आधीच ओरखडलेली बरी.

पसंतीही प्रसादनंच केली. थंडरबर्ड ३५०, २०१५ची. रॉयल एनफील्डनं २०२०मध्ये ही गाडी बंद करून मिटिऑर आणली, तरी जुन्या थंडरबर्डवर जीव टाकणारे कमी नाहीत. ही काळी कुळकुळीत होती, क्रोमवर डाग नाही, सीट मऊ. दुकानदारानं ती दिव्याखाली उभी केली होती. बँक सुटल्यावर, सहाच्या सुमारास, ताई तिच्यावर बसल्या. दोन्ही पाय टेकले. क्लच ओढला, जरा जड वाटला, पण आला. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर चक्कर मारून आल्या तेव्हा चेहरा उजळला होता. प्रसाद म्हणाला, "मावशी, तू हिच्यावर काय दिसतेस!" ताईंनी विसार द्यायला पाकीट उघडलं, आणि बँकेतली सवय म्हणून परत मिटलं. "आधी मिस्त्रीला दाखवू."

दादू मिस्त्रीचं गॅरेज उद्यमनगरात. शेजारी लेथ, पलीकडं फाउंड्री, दिवसभर लोखंडाचा आवाज. दुकानदारानं पोराबरोबर गाडी पाठवली. दादूनं ती अंगठ्यापासून डोकीपर्यंत पाहावी तशी पाहिली. चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडला. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचले, कुठल्या आठवड्यातला, कुठल्या वर्षाचा. पुढचं चाक अधांतरी करून हँडल डावी-उजवीकडं फिरवलं, कुठं अडकतंय का ते बघायला. रेस देऊन सायलेन्सरमागं तळवा धरला आणि हुंगला; निळा धूर नव्हता.

"गाडीत खोट न्हाई," तो म्हणाला. "पण आता घिऊ नगा. उद्या सकाळी साडेसहाला या. आणि येताना गरम पाण्यात हात घालायचं न्हाईत."

दादूच्या आईला हाच आजार होता, हे ताईंना मागाहून कळलं.

"सकाळी माझे हात चालत नाहीत," ताई म्हणाल्या.

"म्हणूनच की."

सकाळी गॅरेजचं शटर अर्धं उघडलेलं होतं. दादूनं थंडरबर्ड उताराकडं तोंड करून आत लावली होती, इंजिन बंद. "मागं घ्या," म्हणाला, "आणि रस्त्यावर काढा." ताईंनी हँडल धरलं. बोटं हँडलवर टेकली, पण आवळली जाईनात. गाडी १९२ किलोची. उंबऱ्याचा चार बोटांचा चढ होता, तिथंच ती अडली. प्रसाद धावला तसा दादूनं त्याला हातानंच थांबवलं. मग किल्ली फिरवायला सांगितली. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत किल्ली धरली जाईना. ताईंनी ती दोन बोटांच्या पेऱ्यांमध्ये अडकवून फिरवली. शेवटी क्लच. चारही बोटं लिव्हरवर घालून त्यांनी ओढला. तो अर्ध्यावर आला आणि तिथंच राहिला. दातओठ खाऊन आणखी थोडा आला. गिअर टाकला तसा कर्रकन आवाज झाला.

ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते दुखण्याचं होतं की रागाचं, त्यांनाच ठाऊक.

प्रसाद चिडला. "अहो, सकाळी चालवायचीच कशाला? दहानंतर चालवेल की ती!"

"दहानंतर निघाली," दादू म्हणाला, "गगनबावड्याला गेली. येताना पाऊस लागला. हातमोजं भिजलं, हात गार पडलं. मग बोटं काय घड्याळ बघून आखडणार हायत? आणि गाडी घाटात बंद पडली तर ढकलणार कोण? तू?"

प्रसाद गप्प बसला. ताई मात्र दादूकडं बघत नव्हत्या. त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "मी दिवाळीचे आकडे लावले." दादूला अर्थ लागला नाही. ताईंना लागला होता. दुसऱ्याच्या कर्जाला जो नियम त्या जन्मभर लावत आल्या, तो स्वतःच्या हौसेला लावायचं त्यांना सुचलंच नव्हतं. सराव संध्याकाळी, गाडीची पाहणी संध्याकाळी, डॉक्टरची तपासणी दुपारी. आखडलेल्या हातांना कुणी विचारलंच नव्हतं.

त्यानंतर ताई गाड्या सकाळी सातला बघू लागल्या. विकणारे वैतागत. एवढ्या पहाटे गिऱ्हाईक येतं का कुठं? पण यात एक वरकमाई होती: सकाळी इंजिन थंड असतं, आणि थंड इंजिन खोटं बोलत नाही. दुपारी एका बटणात उठणाऱ्या गाड्या सकाळी खोकू लागत. एक मिटिऑर पाहिली. तिच्या इंजिनात थरथर कमी करणारा बॅलन्सर शाफ्ट, पुढं-मागं एबीएस, सगळं उत्तम, पण वजन पुन्हा १९१ किलो, आणि किंमत ताईंनी ठरवलेल्या रकमेच्या बरीच वर. ती सोडली.

शेवटी सापडली ती बजाजची ॲव्हेंजर, २२० क्रूझ, २०१६ची. हिचं घराणं जुनं. २००१मध्ये कावासाकी-बजाजची एलिमिनेटर आली, तिच्याच घाटावर २००५ला ॲव्हेंजर बांधली गेली. ही मात्र दिसायला अगदीच गरीब. टाकीवर पोचा, सीटला दोऱ्यानं टाके, सायलेन्सरवर गंज. प्रसादला तिच्या शेजारी उभं राहायचीही लाज वाटली. पण वजन १५५ किलोच्या आसपास, सीटची उंची साडेसातशे मिलिमीटरहूनही कमी, हँडल आपणहून हाताकडं आलेलं, आणि पाय पुढं, म्हणजे गुडघा फार दुमडायला नको. आखडलेल्या हातांनी ताईंनी ती मागं ढकलली. धापा टाकत का होईना, रस्त्यावर काढली.

उणीवाही दादूनं तिथंच सांगून टाकल्या. एबीएस नाही, १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं एप्रिल २०१९पासून, ही त्याआधीची. आणि पाय पुढं टाकून बसलं की खड्ड्यात उठता येत नाही, सगळा दणका माकडहाडाला बसतो. "खड्डा दिसला की हळू करायचं. चुकवायच्या नादात पडायचं न्हाई." कोल्हापूरच्या रस्त्यांवर हे सांगणं म्हणजे हळूच चालवा असं सांगणं, पण ते असो.

क्लच हिचाही जड होता. दादूनं केबल काढली. आत तारा पिंजल्या होत्या. नवी घातली, तेल सोडलं, तशी ओढ बरीच हलकी झाली. तरी सकाळच्या हातांना ती पुरेना. मग तो शेजारच्या लेथवाल्याकडं गेला. क्लचची केबल इंजिनापाशी एका छोट्या आर्मला ओढते. तो आर्म जितका लांब, तितका जोर कमी लागतो. अर्ध्या इंचानं लांब आर्म करून त्यानं बसवला. ताईंनी ओढून पाहिलं आणि चकितच झाल्या. "आणखी अर्धा इंच वाढव की रे."

"न्हाई जमायचं. आर्म लांब केला की जोर वाचतो, पण आत प्लेटी कमी उघडत्यात. आणखी वाढवला तर क्लच दाबूनबी पुरता सुटायचा न्हाई. सिग्नलला गाडी पुढं ओढंल, न्यूट्रल घावणार न्हाई. हाताला सुख मिळंल, पर गाडी ऐकणार न्हाई."

प्रसादला नवा मुद्दा सुचला. "मग थंडरबर्डचाही क्लच असाच हलका करू. ती गाडी अजून दुकानात आहे."

"क्लचचं बघता यील," दादू म्हणाला. "वजनाचं काय करू? कानशीनं घासू?"

सौद्याच्या दिवशी मात्र ताई आपल्या टेबलावर आल्यासारख्या वागल्या. आरसी उघडून बसल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. गाडीवर एका फायनान्स कंपनीच्या कर्जाचा बोजा नोंदलेला होता. विकणारा म्हणाला, "कर्ज कधीच फिटलंय हो, नाव तेवढं राहिलंय." ताई म्हणाल्या, "फिटलं असेल. पण कागदावर ते अजून जिवंत आहे." कंपनीचं ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ भरून बोजा उतरवून आणा, मगच २९ आणि ३० नंबरच्या नमुन्यांवर सह्या, असं त्यांनी सांगितलं. प्रसाद म्हणाला, गाडी हातची जाईल. "गेली तर दुसरी बघू." विकणाऱ्याला आरटीओत खेटे घालावे लागले, पण गाडी गेली नाही, कारण त्या टाकीवरच्या पोच्याकडं बघून दुसरं कुणी येतच नव्हतं. तोवर शिकाऊ लायसन्सचे ३० दिवसही उलटले आणि ताई पक्क्या लायसन्सची परीक्षा देऊन आल्या. विमाही त्यांनी लगोलग आपल्या नावावर करून घेतला.

दादूनं किल्ली देताना एक अट घातली. गाडी चालू करण्याआधी, इंजिन बंद असताना, क्लच दहा वेळा पुरता ओढायचा. दहाव्यांदाही लिव्हर मुठीला टेकला तर निघायचं.

थोड्याच दिवसांत प्रसादनं ती थंडरबर्ड स्वतःसाठीच घेतली, आणि कुणाला आश्चर्य वाटलं नाही. त्याच्या मित्रांचा एक ग्रुप दर रविवारी सकाळी सहाला पन्हाळ्याला निघे. एका रविवारी मावशीनंही यायचं ठरलं. सहाला ताई खाली आल्या, जाकीट घालून. सगळ्यांच्या गाड्या धडधडत होत्या. ताई आपल्या गाडीवर बसल्या आणि क्लच ओढायला लागल्या. पाच, सहा. सातव्याला लिव्हर मध्येच थांबला. त्यांनी हात झटकला, पुन्हा ओढला, पुन्हा तिथंच.

"तुम्ही व्हा पुढं," त्या म्हणाल्या. "मी दहा-साडेदहाला निघते."

पोरं एकमेकांकडं बघू लागली. प्रसाद जवळ येऊन कुजबुजला, "मावशी, एवढं काय होतंय? वीस किलोमीटर तर आहे. आणि ग्रुपबरोबर यायचं तर ग्रुपची वेळ पाळायला नको?"

"मग मी ग्रुपबरोबर येत नाही," ताई गाडीवरून उतरत म्हणाल्या. "पन्हाळ्याला येते."