कोय आणि कलम

मननासाठीं : रोमकरांस पत्र ११:१७-२४



कोल्हापूरकडे बांधांवर व परसांत रायवळ आंब्याचीं जुनीं झाडें दिसतात. कोणाचें फळ लोणच्यास चांगलें, कोणाचें चोखून खाण्यास. दोन झाडांची चव सहसा एक नसते. कारण रायवळ म्हणजे कोयीपासून वाढलेलें झाड.

आमच्या परसांतही आजीनें लाविलेलें असें एक झाड होतें. त्याचा रस फार गोड. त्याचें खोड पोखरूं लागलें तेव्हां वडील म्हणाले, “चिंता कशाला? त्याचीच कोय लावूं.” आम्हीं ९ वर्षें पाणी घातलें. फळ आलें तें आंबट व दोरेदार. आणि जुनें झाड तोंवर वादळांत पडलें होतें.

कोयीचा यांत दोष नव्हता. मोहोरास दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, म्हणून कोयीचें झाड आईसारखें होईलच असें नाहीं. तीच गोडी हवी तर त्याच झाडाची काडी घेऊन कलम बांधावें लागतें.

पावसाळ्याच्या आरंभीं ताज्या कोया रुजत घालाव्या. रोप १०-१५ दिवसांचें, तांबूस पानांचें असतां त्याचा शेंडा कापून मधोमध चीर द्यावी. जुन्या झाडाची ३-४ महिन्यांची, डोळा फुगलेली काडी पाचरीसारखी तासून तींत बसवावी व पट्टीनें घट्ट बांधावी. पुढें सांध्याखालून धुमारे फुटतील ते नित्य खुडावे. न खुडल्यास रस तेच ओढतात, कलम वाळतें. झाड हिरवेंगार दिसतें, पण फळ रानटीच येतें.

विश्वासाचेंही असेंच आहे. आजी प्रार्थनाशील होती म्हणून नातू तसा होईलच असें नाहीं. ख्रिस्ती घरांत जन्मणें ही केवळ कोय. पौल रानटी फांदी चांगल्या झाडास जोडल्याचें सांगतो. आपला माळी चांगली काडी रानटी रोपास जोडितो. दोहोंचें मर्म एकच : फळ जन्मानें नव्हे, जोडणीनें. आणि जोडल्यावरही जुना राग, जुनें व्यसन, जुना जातिभेद हे धुमारे खालून फुटतच असतात. ते कोण खुडतो?

उपदेशक बंधूंनो, तुमच्या मंडळींत कांहीं वृद्ध झाडें अजून उभीं आहेत. या पावसाळ्यांत परसांतील आंब्याची काडी घ्या, आणि घरांतील मुलांस आजीशेजारीं प्रार्थनेस बसवा. झाड पडल्यावर काडी मिळत नाहीं.

प्रभु आपणां सर्वांस साहाय्य करो. आमेन.