रोषणाई आणि पूजेचा विधी

षोडशोपचार पूजेत धूपानंतर दीप येतो. काळाचौकी, लालबाग, परळ या मुंबईच्या गिरणगावात गणेशोत्सवाची रोषणाई केवळ सजावट मानायची की या दीपोपचाराचाच विस्तार, यावर बरेच अवलंबून आहे. ती उपचार असेल, तर वायर, फ्यूज आणि अर्थिंग हीही विधीचीच अंगे ठरतात. ती वायरमनवर सोडून मंडळाला मोकळे होता येत नाही.

परिणाम, हानी, दुसऱ्याला होणारी इजा आणि स्वतःची कुवत न पाहता मोहाने आरंभलेले कर्म गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस म्हटले आहे. काम देवाचे आहे म्हणून तिथे सवलत दिलेली नाही. ‘बाप्पा सांभाळून घेईल’ हे वाक्य श्रद्धेचे वाटते, पण त्यात आपले कर्तव्य देवावर ढकललेले असते.

कुवतीचा प्रश्न एलईडी माळा चालवणाऱ्या कंट्रोलरपाशी अगदी उघडा पडतो. पाच व्होल्टचा एक पिक्सेल, म्हणजे माळेतला एक दिवा, पूर्ण पांढरा पेटला की साधारण ६० मिलिअँपिअर घेतो. ५०० पिक्सेलना ३० अँपिअर लागतात. ३० अँपिअरच्या एसएमपीएसवर (माळांना वीज देणाऱ्या पॉवर सप्लायवर) हा सगळा भार टाकू नये, पाचवा हिस्सा तरी शिल्लक ठेवावा. माळेच्या टोकाला पांढरा रंग पिवळट-लालसर दिसू लागला की तिथे व्होल्टेज पडले असे समजावे आणि मधूनच पुन्हा सप्लाय द्यावा. दोन एसएमपीएस असतील तर त्यांचे निगेटिव्ह जोडतात, पॉझिटिव्ह मात्र वेगळे ठेवतात. पाच व्होल्टचा शॉक बसत नाही हे खरे. पण शॉर्ट झालेली बारीक वायर तापून मंडपाचे कापड पेटवू शकते. म्हणून प्रत्येक चॅनेलला स्वतंत्र फ्यूज हवा.

जिवाला धोका आहे तो २३० व्होल्टच्या बाजूला. भाद्रपदात पाऊस असतो, आणि रांगेतला भाविक ओल्या पायांनी लोखंडी बॅरिकेडला हात लावून उभा असतो. तिथे ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा ब्रेकर), खरे अर्थिंग आणि जमिनीपासून उंच, झाकलेली पेटी यांना पर्याय नाही. बेस्टचे तात्पुरते मीटर घेताना जेवढा लोड मंजूर झाला, त्यापलीकडे ऐनवेळी माळा वाढवणे ही त्या भाविकाची फसवणूक आहे.

पूजेचा संकल्प यजमान करतो, मंत्र पुरोहित सांगतो; तरी पूजा यजमानाचीच असते. रोषणाईतही जोडणी वायरमनने केली तरी कर्तेपण मंडळाचे. म्हणून प्राणप्रतिष्ठेआधी आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबून पाहणे आणि मेन स्विचपाशी रात्रभर जाणता कार्यकर्ता बसवणे ही पूजेच्या तयारीतलीच कामे आहेत.