वेगाचें ऋण कोणी फेडावें?

ज्यानें ऋण काढिलें त्यानेंच तें फेडावें, हा न्याय सर्वांस मान्य आहे. परंतु एक ऋण असें आहे कीं, तें काढणारा एक व फेडणारा पुष्कळदां दुसराच असतो. तें ऋण म्हणजे रस्त्यावरील वेग. पांच मिनिटें वांचविण्यासाठीं एक जण गाडी भरधांव हांकितो, आणि मोडलेल्या हाडांचा खर्च पायीं चालणाऱ्याच्या घरीं येतो. वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांविरुद्ध हल्लीं फार तक्रार ऐकूं येते. म्हणून या गोष्टीचा विचार हिशेबानें व विवेकानें, अशा दोन्ही रीतींनीं करणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

प्रथम आगाशीकडेच पाहूं. भाजी व फुलें घेऊन विरार स्टेशनाकडे निघालेले लोक, शाळेचीं मुलें व सायकलस्वार गांवच्या रस्त्यानें जातात. सुटीच्या दिवशीं अर्नाळ्याच्या समुद्राकडे धांवणाऱ्या मोटारीहि त्याच रस्त्यानें जातात. विरारच्या पूर्वेस मुंबई-अहमदाबाद महामार्ग आहे. त्याच महामार्गावर, आपल्याच पालघर जिल्ह्यांत चारोटीजवळ, ४ सप्टेंबर २०२२ रोजीं झालेल्या अपघातांत उद्योगपति सायरस मिस्त्री मरण पावले, तेव्हां साऱ्या देशाचें लक्ष तिकडे गेलें. परंतु रस्त्यांवर जायबंदी होणाऱ्या बहुतेकांचीं नांवें कोठेंहि छापलीं जात नाहींत.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं भारतांत ४,६१,३१२ अपघात झाले. त्यांत १,६८,४९१ माणसें मेलीं व ४,४३,३६६ जखमी झालीं. दर दहा अपघातांपैकीं सुमारें सातांचें कारण अतिवेग असें नोंदलें आहे. मेलेल्यांसाठीं आपण शोक करितों. पण जो वांचला त्याच्या वांचण्याची किंमत घराला द्यावी लागते. शस्त्रक्रिया, हाडांत घालावयाची सळई, औषधें, भाड्याची गाडी, आणि शुश्रूषेसाठीं घरीं राहिलेल्या पत्नीची बुडालेली मजुरी! जागतिक बँक व सेव्हलाइफ फाउंडेशन यांची एक पाहणी २०२१ सालीं प्रसिद्ध झाली. तींत महाराष्ट्रहि होता. अपघातानें गरीब कुटुंबाची सात महिन्यांइतकी मिळकत बुडते व श्रीमंत कुटुंबाची एका महिन्याहूनहि कमी, असें तींत आढळलें. धडक एकच, पण भार सारखा नाहीं.

सरकारनें २०२५ सालीं अशा जखमींसाठीं सात दिवसांपर्यंत व दीड लाख रुपयांपर्यंत विनारोख उपचारांची योजना केली, हें स्तुत्य आहे. तथापि मांडीचें मोडलेलें हाड सात दिवसांत जुळत नाहीं. यास्तव जखम बरी करण्याहून ती टाळणें श्रेयस्कर. वेग ताशीं साठ किलोमीटरांवरून ऐंशीवर गेला तर तो एक तृतीयांशानेंच वाढतो. परंतु धडकेंतील ऊर्जा सुमारें पावणेदोन पट होते. कॅमेरा हा थोडासा वेगच कमी करवितो. निरनिराळ्या देशांतील ३५ अभ्यास एकत्र तपासून २०१० सालीं असें दिसून आलें कीं, कॅमेऱ्यांच्या आसपास प्राणघातक व गंभीर दुखापतींचे अपघात शेंकडा ११ ते ४४ इतके घटले. आपल्या देशांत २०१९ च्या कायद्यानें अशा देखरेखीस आधार दिला, व २०२४ सालीं मुंबई-पुणे द्रुतगति मार्गावर ती सुरू झाली.

कोणी म्हणतील कीं, हा सरकारचा पैसे काढण्याचा उपाय आहे. मर्यादेची पाटी न लावितां दंड घेतला तर ही तक्रार खरी ठरेल. परंतु हिशेब पाहा. हलक्या मोटारीस अतिवेगाबद्दल त्या कायद्यांत एक ते दोन हजार रुपये दंड आहे. एका जखमीवरील दीड लाखांची भरपाई होण्यास दोन हजारांचे ७५ दंड लागतील! तेव्हां कॅमेऱ्याची खरी कमाई दंडाच्या रकमेंत नसून इस्पितळांतील रिकाम्या राहिलेल्या खाटेंत आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. भीतीनें पाळलेला नियम ही नीति नव्हे, असें विचारी लोक म्हणतात. हें आम्हांस मान्य आहे. खांबाजवळ वेग कमी करून पुढें पुनः गाडी पळविणाऱ्याचें मन पालटलेलें नसतें. तरी रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीस चालकाचें मन शुद्ध होईपर्यंत थांबतां येत नाहीं. तिचें हाड आज शाबूत राहावें, एवढें काम कायद्यानें करावें. आणि जेथें खांब नाहीं, तेथील काम विवेकानें करावें.

आणि वाचकहो, आपल्या बहुतेक गल्ल्यांत खांब नाहीं. हा दोष केवळ मोटारवाल्या धनिकांचा आहे असेंहि कोणी समजूं नये. कर्ज काढून घेतलेली मोटारसायकल आपलेच तरुण भरधांव पिटाळितात. त्यांना वडिलांनीं घरीं व उपदेशकांनीं मंडळींत स्पष्ट सांगावें कीं, शेजाऱ्याच्या दारावरून गाडी सावकाश नेणें हीहि शेजाऱ्यावरील प्रीतीच होय, आणि ती कोणी पाहत नसतांनाहि पाळावयाची असते.